काय काय मोडलं ते सांगा

तोसोन्चेंगेलला माझी नेमणूक झाली, परिचारिका म्हणून.
तिथे थंडी उणे चाळीसच्या खाली जाते
आणि एका गेरपासून दुसरी गेर तासाभरावर.
गाडी हवी होती.
पैसे एकाच चुकीपुरते होते.

उलानबातरच्या बाजारात गाड्या धुऊनपुसून उभ्या,
जपानहून उतरलेल्या, सुकाणू उजवीकडे,
टायरांनासुद्धा काळं पॉलिश.
गान्झोरिग म्हणाला, बाई, डोळे मिटून घ्या.
मी डोळे उघडे ठेवून खिंडीत गेले.

खिंडीत दगडांची रास आहे, निळी फडकी बांधलेली.
तिथे ड्रायव्हर तीनदा हॉर्न देतात, मग चहाला थांबतात.
पहिला दिवस विचारत राहिले, कशी आहे हो गाडी?
नवी घेतलेला म्हणाला, सोनं. त्याचे हप्ते चालू होते.
परवाच विकलेला म्हणाला, विष.
त्याची बायको पेल्यात बघत पुटपुटली,
तेल कधी बदललं होतंस?

दुसऱ्या दिवशी प्रश्न बदलला :
काय काय मोडलं ते सांगा.
मग माणसं टेकून बसली.

दूध वाहणारा पुरेवजाव, नऊ वर्षं एकच गाडी :
मागचा डावा शॉक-ॲब्सॉर्बर, दोनदा.
रेडिएटर एकदा, तोही माझ्याच चुकीनं.
बॅटरी रात्री घरात,
नातवाच्या आधी तिला चुलीजवळची जागा.
स्तुती नाही, शिवी नाही,
याकचे दात मोजून सांगावेत तसा आवाज.

पशुवैद्य ब्याम्बासुरेननं तोंडानं वाजवून दाखवलं,
ग्रर्र-टक, ग्रर्र-टक,
असं झालं की शंभर किलोमीटर उरले समजायचं.
कशावरून, मी विचारलं.
म्हणाली, नव्वदाव्याला दोन मेंढ्यांसकट
रात्र काढलीय मी रस्त्यावर.

ज्याचं जळतं त्याला कळतं.
इथे जळत होतं ते तेल,
आणि कळलेलं सगळं मी हाताच्या पंजावर लिहून घेतलं,
कारण शाई बाटलीतच गोठली होती, पेन्सिल तेवढी चालत होती.

त्या रात्री अंथरुणात एकदम उठून बसले.
खिंडीत पोचलेलेच खिंडीत भेटतात.
ज्यांच्या गाड्या खालीच राहिल्या
त्यांचा चहा कोण पाजणार?

म्हणून भंगारवाला. दावासाम्बू,
एक बोट कमी, दुसरं सतत वंगणात.
सगळ्यात जास्त कुठली येते तुमच्याकडे?
जी सगळ्यात जास्त विकली जाते ती, तो म्हणाला,
आणि माझ्या प्रश्नाला खो खो हसला.
मग गंभीर झाला. वय विचार, पोरी.
इथे येते तेव्हा केवढी होऊन येते, ते विचार.

परत बाजारात.
गान्झोरिगची राखाडी गाडी, काट्याखाली एकसष्ट हजार.
दाराच्या चौकटीत, रबराच्या पट्टीमागे,
एकावर एक चिकटवलेल्या चार चिठ्ठ्या.
अक्षरं वाचता येईनात, आकडे आले :
बहात्तर हजार, सत्याहत्तर, ब्याऐंशी,
आणि सगळ्यात वर सत्याऐंशी हजार चारशे बारा.

मी दार उघडून नुसती उभी राहिले.
गान्झोरिगनं आकाशाकडे पाहिलं, मग किंमत सांगितली,
मग स्वतःच आणखी कमी सांगितली.
त्याला वाटलं मी आता निघून जाणार.
मी मात्र त्या पाच-पाच हजारांच्या पावलांकडे बघत होते.
समुद्रापलीकडे कुणीतरी,
कदाचित शनिवारी, कदाचित पावसात,
न चुकता तिला गॅरेजात नेत होतं.
त्या माणसाला चहा पाजता आला नाही.

चिठ्ठ्या मी काढल्या नाहीत.
त्यांच्या खाली आता माझी वही लटकते, दोरीला पेन्सिल :
तेवीस नोव्हेंबर, उणे अडतीस, दुसऱ्या खेपेला सुरू.
एक लाख चार हजार, पुढचा उजवा बेअरिंग.
नऊ फेब्रुवारी, बाळंतीण मागच्या सीटवर,
दारातून कुठूनतरी शीळ येते.
ती कळांमध्येच म्हणाली, घोड्याला बोलावतंय का कुणी?
मुलगी झाली, साडेतीन किलो.
शीळ अजून येते.